गुग्गुळ : डिंकातील औषधी घटक आणि लागवड

गुग्गुळ हे राजस्थान व कच्छच्या कोरड्या, रेताड-खडकाळ जमिनीत वाढणारे काटेरी झुडूप आहे. आयुर्वेदातील वर्णनावरून १९६६ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात त्याच्या डिंकाचा रक्तातील चरबीवरील परिणाम अभ्यासला गेला. पुढे १९७२ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी डिंकातील गुग्गुलस्टेरॉन या घटकांची रचना मांडली.

मागणी वाढल्यावर जास्त डिंकासाठी खोल चिरा देणे, इथेफॉन वापरणे सुरू झाले. अशी झाडे वाळून जातात. परिणामी, ही वनस्पती आज अतिसंकटग्रस्त आहे.

म्हणून जंगलातील झाडे न ओरबाडता शेतात लागवड करावी. पावसाळ्याच्या सुरुवातीस निचऱ्याच्या जमिनीत छाट कलमांची रोपे लावावीत. झाड पूर्ण वाढल्यावरच कोरड्या हंगामात साल उथळ चिरून डिंक काढावा.