भरती बंद : १८९२

आंतरराष्ट्रीय संबंध म्हटलं की आपण पान उलटतो. साहेबलोकांचं ते, आपल्याला काय त्याचं? मीबी असंच म्हणायचो. पाळी सुटल्यावर वाचत बसलो तेव्हा कळलं, सत्तासमतोल हा शब्द आपल्या आज्या-पणज्याच्या भाकरीपर्यंत येऊन गेलाय.

सत्तासमतोल म्हणजे काय? शेजारची सत्ता डोईजड होऊ नये म्हणून चाललेली धडपड. तेव्हा रशिया मध्य आशिया गिळत खाली सरकत होता, इंग्रज हिंदुस्थान धरून बसलेला. मधे अफगाणिस्तान. जुलै १८८० मध्ये मैवंदला इंग्रजांची फौज हरली. तीत मुंबई फौजेच्या पलटणी होत्या. मार्च १८८५ मध्ये पंजदेहला रशियानं अफगाणांना उधळलं, लंडनपर्यंत लढाईची हवा झाली. त्याच साली रॉबर्ट्स इथला सरसेनापती झाला. त्याचं म्हणणं, रशियापुढे उभं राहायला उत्तरेकडच्या 'लढवय्या' जाती पाहिजेत, मुंबई-मद्रासची माणसं मऊ पडली. झालं! भरती जातीवर बसली. १८९२ च्या सुमारास महारांना दार बंद.

आणि कोरेगाव? १ जानेवारी १८१८ ची लढाई, खांबावरची ती 'नाक' शेवटाची नावं? दगडावर राहिली, हजेरीपटावरून गेली.

आमच्या गिरणीत बाहेरची मागणी पडली की पहिला बदलीवाला गेटबाहेर. मागणी कुठं पडली ते कोण सांगत नाही. म्हणतात, तुझा हात मंद आहे. रॉबर्ट्सचं 'मऊ' वाचलं तेव्हा मला हेच आठवलं.

नुसता पगार नाही गेला. पेन्शन गेली, पलटणीतली शाळा गेली. रामजी सुभेदार अशाच लष्करी शाळेत हेडमास्तर होते. भीमराव १४ एप्रिल १८९१ ला महूच्या छावणीत जन्मले. त्यानंतर जन्मलेल्या किती पोरांना छावणीची शाळा दिसलीच नाही, त्याचा हिशोब कुणी ठेवलाय?

१८९४ मध्ये गोपाळबाबा वलंगकरांनी विनंतीपत्र लिहिलं. स्वतः पेन्शनर शिपाई. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळ्यांनी थेट विलायतेतल्या भारतमंत्र्याकडे अर्ज धाडला. दार उघडलं नाही. उघडलं ते महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा : १९१७ मध्ये १११ वी महार पलटण. युद्ध संपलं, १९२१ मध्ये तीही मोडली. बदलीवालेच की आपण!

दुसरं महायुद्ध आलं. जुलै १९४१ मध्ये बाबासाहेब राष्ट्रीय संरक्षण मंडळावर गेले, त्यांनी हा प्रश्न लावून धरला. १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली.