गाडी गावात येते ती कशी

गटाच्या बैठकीत आपण बचत, हप्ता, व्याज असं सगळं बोलतो आणि शेवटी कुणीतरी म्हणतं, “चला गं, गाडी जाईल.” आज आम्ही त्या गाडीबद्दलच बोलणार आहोत. ती गावात कशी आली, कशी टिकली आणि बंद का पडते, हे माहीत असलं तर ती मागायची कशी हेही कळतं.

एसटीच्या आधी आपल्याकडे खाजगी मोटारी चालायच्या. त्यांची वेळ नक्की नसे, थांबा नक्की नसे, भाड्याचंही तसंच. गाडी भरली की निघायची. १९३९ साली मोटार वाहन कायदा आला आणि या धंद्याला थोडी शिस्त लागली. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने ही सेवा स्वतः चालवायचं ठरवलं. १ जून १९४८ रोजी अहमदनगर, म्हणजे आजचं अहिल्यानगर, ते पुणे अशी पहिली एसटी धावली. लाकडी बांधणीची, काथ्याच्या गाद्यांची बेडफर्ड गाडी होती ती. तेव्हापासून तिकिटाचा दर ठरला, वेळापत्रक लागलं, गर्दी नसली तरी गाडी वेळेवर सुटायला लागली. गरीब माणसाच्या दृष्टीने हा मोठा बदल होता.

१९५० साली मार्ग परिवहन महामंडळांचा कायदा झाला. त्यात दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. एक, महामंडळाने पुरेशी, कार्यक्षम आणि परवडणारी सेवा द्यावी, हे त्याचं कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे. दुसरी, महामंडळाला सल्ला देण्यासाठी राज्य सरकार सल्लागार मंडळ नेमू शकतं, अशी तरतूद आहे. म्हणजे गाडी कुठून कुठे जावी हे फक्त साहेबांनी ठरवायचं, असं कायदा करणाऱ्यांनाही वाटत नव्हतं.

पुढे “गाव तिथे एसटी” ही घोषणा आली. पण गाडी घोषणेने येत नाही. गावाने ग्रामपंचायतीत ठराव करायचा, तो आगारात द्यायचा, मग आगाराची माणसं रस्ता बघायला येणार. मोरी खचलेली असेल, वळण अरुंद असेल किंवा गाडी फिरवायला जागा नसेल, तर फेरी अडते. कितीतरी गावांनी श्रमदानाने खड्डे बुजवले, बांध मागे सरकवले, तेव्हा गाडी आत आली. मुक्कामी गाडी हवी असेल तर चालक-वाहकांच्या झोपण्याची सोय गावाने बघायची. कुठे शाळेची खोली, कुठे देवळाचा सभामंडप. रात्री त्यांना भाकरी कुठल्या तरी चुलीवरूनच जायची. ती भाकरी करणारीचं नाव कुठल्या ठरावात नाही, पण पहाटेची गाडी गावातून सुटायची त्यात तिचाही हात होता.

म्हणून आम्ही म्हणतो, गावची एसटी ही पहिल्यापासून भागीदारी आहे. गाडी, डिझेल आणि माणसं महामंडळाची. रस्ता, मुक्काम आणि प्रवासी गावाचे. एका बाजूने हात काढला की गाडी बंद पडते.

आता सवलतींचं बघू. ग्रामीण मुलींना शाळेसाठी अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास आहे. मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या गाड्या मुलींना शाळेत नेण्यासाठी सुरू झाल्या. ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना मोफत प्रवास आणि १७ मार्च २०२३ पासून आपल्याला, सगळ्या महिलांना, अर्धं तिकीट. हे चांगलंच झालं. पण अर्धं तिकीट घ्यायला आधी गाडी तर यायला हवी!

मार्च २०२० मध्ये कोरोनाने एसटी थांबली. ती सावरते न सावरते तोच २०२१ च्या दिवाळीपासून संप झाला, तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. या दोन वर्षांत लोकांनी काळी-पिवळी जीप धरली, ज्यांना जमलं त्यांनी दुचाकी घेतली. नंतर एसटी सुरू झाली, पण अनेक आडगावांच्या फेऱ्या लगेच पूर्ववत झाल्या नाहीत. कारण विचारलं की उत्तर ठरलेलं, भारमान नाही.

भारमान म्हणजे गाडीतल्या जागांपैकी किती भरल्या त्याचा हिशेब. हिशेब बघायलाच हवा, डिझेल फुकट येत नाही. पण या हिशेबात एक गोम आहे. गाडीत बसलेली बाई मोजली जाते. गाडीची वेळ जमत नाही म्हणून जीपला लटकून गेलेली बाई मोजली जात नाही. तपासणीची तारीख असून दवाखान्यात न गेलेली गरोदर बाई मोजली जात नाही. दहावीनंतर घरी बसलेली मुलगी तर कुठेच मोजली जात नाही. त्यांची मोजणी आपणच करायला हवी.

असं दूरदेशीच्या बायकांनी केलेलं आहे. अमेरिकेत मॉन्टगोमेरी शहरात काळ्या लोकांना बसमध्ये वेगळं, मागे बसावं लागे. तिथल्या महिला मंडळाच्या अध्यक्ष जो ॲन रॉबिन्सन या शिक्षिका. त्यांनी मे १९५४ मध्ये महापौरांना पत्र लिहिलं. त्यातली एक मागणी आपल्यासारखीच होती, की गोऱ्या वस्तीत कोपऱ्याकोपऱ्यावर बस थांबते तशी आमच्या वस्तीतही थांबावी. आणि पत्रात त्यांनी आकडा दिला होता, तुमच्या बसचे तीन चतुर्थांश प्रवासी आम्ही आहोत. पत्राने फारसं काही हललं नाही. पण डिसेंबर १९५५ मध्ये रोझा पार्क्स यांना जागा न सोडल्याबद्दल अटक झाली, तेव्हा या बायका तयार होत्या. ३८१ दिवस लोकांनी बसवर बहिष्कार टाकला आणि शेवटी तो भेदभावाचा नियम गेला.

आपल्याला बहिष्कार नको, आपल्याला गाडी हवी आहे. पण मोजणी आणि पत्र, हे दोन धडे घेण्यासारखे आहेत.

तेव्हा करायचं काय? गटाची वही असतेच, तिच्या मागच्या पानावर आठवडाभर लिहा. कोण, कुठे, किती वाजता गेली, कशाने गेली, किती पैसे दिले आणि गाडी नाही म्हणून कोण गेलीच नाही. आम्ही गटांमधून हे विचारायला लागलो तेव्हा ध्यानात आलं, की बायकांची वेळ वेगळी असते. सकाळचं पाणी, स्वयंपाक, जनावरं उरकून त्या निघतात आणि मुलं शाळेतून यायच्या आत त्यांना परतायचं असतं. पहाटेची आणि रात्रीची, अशा दोनच फेऱ्या असल्या तर कागदावर गाडी असते, बाईला मात्र नसते. अशा वेळी नवी गाडी न मागता आहे तीच फेरी तासभर पुढे सरकवा म्हटलं, तर आगारालाही ते सोपं जातं.

ही वही घेऊन महिला सभेत जा. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते, ती आपली हक्काची जागा. तिथे ठराव करा, ग्रामसभेत मांडा, सरपंचांच्या सहीने आगार व्यवस्थापकांना द्या आणि पोच घ्या. शेजारच्या दोन-तीन गावांचा ठराव जोडला तर उत्तम, कारण गाडी एका गावासाठी नसते, मार्गासाठी असते. ग्रामसंघ आणि प्रभागसंघ इथे उपयोगी पडतात. जुलै २०२४ पासून एसटीने “प्रवासी राजा दिन” सुरू केला. त्या दिवशी वरिष्ठ अधिकारी आगारात बसून प्रवाशांचं ऐकतात. आपल्या आगारात तो कोणत्या वारी असतो, हे आधी विचारून घ्या.

नाशिक शहराजवळच्या भगिनींनी एक लक्षात ठेवा. ८ जुलै २०२१ पासून शहरात महापालिकेची सिटीलिंक बस धावते. ती त्र्यंबकेश्वर, सिन्नर, गिरणारे अशा बाजूंनाही जाते. तिचं कार्यालय वेगळं आहे, म्हणून तिचा अर्ज एसटी आगारात देऊन उपयोग नाही. आणि अर्ध्या तिकिटाची सवलत एसटीची आहे, शहर बसला ती लागू नाही.

हे सगळं आत्ताच का? २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे. यात्रा-जत्रांना जादा गाड्या सुटतात तेव्हा आडगावची फेरी आधी कापली जाते, हे आपण दरवर्षी बघतो. सिंहस्थ तर त्याहून कितीतरी मोठा. भाविकांची सोय व्हायलाच हवी, पण पेठ-सुरगाण्याच्या मुलीची शाळाही बुडता कामा नये. नियोजन होतं तेव्हाच आपला कागद टेबलावर असावा.

फेरी मिळाली की तिच्यात बसायचं, हेही सांगून ठेवतो. जीप दोन मिनिटं आधी आली म्हणून तिच्यात चढलो, तर महिन्याभराने भारमान नाही म्हणायला आपणच कारण दिलेलं असतं. या महिन्याच्या बैठकीत वहीचं मागचं पान उघडा.