दिनविशेष : २४ ऑगस्ट १५११, मलाक्का पोर्तुगीजांकडे

अफोन्सो द अल्बुकर्कच्या पोर्तुगीज फौजेने या दिवशी मलय द्वीपकल्पावरील मलाक्का शहर पूर्णपणे ताब्यात घेतले. सुलतान महमूद शाह निसटला. आदल्याच वर्षी गोवा जिंकणाऱ्या अल्बुकर्कचा होरा असा, की हे बंदर हाती आले की मसाल्याचा व्यापारही हाती येईल. बंदर आले, व्यापार मात्र पांगला. मलाक्काचे खरे बळ तिथल्या व्यवस्थेत होते. देशोदेशीच्या व्यापाऱ्यांसाठी चार शाहबंदर (बंदराचे अधिकारी) नेमलेले असत, त्यांतला एक खास गुजरात्यांसाठी. ही व्यवस्था संपताच गुजराती मुसलमान व्यापारी सुमात्रातील आचेहकडे वळले, आणि परागंदा राजघराण्याने पुढे जोहोरची सल्तनत उभी केली. पोर्तुगीजांनी मलाक्का १६४१ पर्यंत राखलेच ना, असा आक्षेप येईल. राखले खरे, पण आचेह आणि जोहोरचे हल्ले सोसत. आणि आचेहची मिरी तांबड्या समुद्रामार्गे पश्चिमेला जातच राहिली. म्हणून बंदरांच्या मालकीसाठी आज देशादेशांत चाललेल्या चढाओढीकडे पाहताना मालक कोण यापेक्षा तिथे व्यापाऱ्याला काय वागणूक मिळते, हे आधी विचारायला हवे. उदाहरणार्थ, याच मलाक्काच्या सामुद्रधुनीच्या तोंडाशी १८१९ मध्ये इंग्रजांनी सिंगापूरची वखार घातली आणि बंदर जकातमुक्त ठेवले. काही वर्षांतच आसपासची गलबते तिकडे वळली.