ओढा, पाणी ओता, पुन्हा ओढा

पायाखाली बघून चाला. इथं माती दिसतच नाही, चुनखडीच्या चिपांचा खच पडलाय आणि प्रत्येक चिपेला धार आहे. तुम्ही अनवाणी आहात. तळपाय पोळला म्हणून उचलावा, तर पुढचं पाऊल त्याहून तापलेल्या दगडावर पडतं. डोक्यावर सावलीचा तुकडाही नाही. नाकात, दातांत, पापण्यांवर पांढरी धूळ. शेजारचा माणूस काय म्हणतोय ते त्याच्या ओठांकडे बघूनच समजून घ्यायचं, कारण शेकडो लाकडी मोगऱ्या तांब्याच्या छिन्न्यांवर एकाच वेळी पडताहेत.

हे गिझाचं पठार. राजा खुफूचा पिरॅमिड अजून पुरा व्हायचाय, एक तृतीयांश उंचीच झालीय, आणि तुम्हाला इथं आणलंय ते एक जुना वाद स्वतःच्या खांद्यावर घेऊन बघायला. एवढे दगड वर गेले तरी कसे? गेली अडीच हजार वर्षं लोक यावर भांडताहेत. तुम्ही आज दोर धरणार आहात.

पण आधी खाणीत उतरा. पिरॅमिडच्या आतला बहुतेक दगड लांबून आलेला नाही, तो इथल्याच पठारातला, दक्षिणेकडच्या खाणीतला. दगडाभोवती माणूस जेमतेम मावेल एवढा चर खणलाय. त्याच्यात एकजण गुडघे पोटाशी घेऊन बसलाय आणि छिन्नीवर ठोके घालतोय. तांबं मऊ. थोडे ठोके पडले की धार वळते. मग तो छिन्नी मागे न बघताच खांद्यावरून फेकतो, एक पोरगा ती झेलून भट्टीकडे पळतो आणि धार लावलेली दुसरी त्याच्या हातात येते. भट्टीपाशी दोघेजण गाल फुगवून नळ्यांनी निखाऱ्यांवर फुंकर घालताहेत. भाता नाही, फक्त फुप्फुसं. लोखंड इथं कुणी वापरत नाही, कप्पी कुणाला माहीत नाही आणि दगड वाहायला चाकाची गाडी नाही. चारी बाजूंनी मोकळा झालेला दगड लाकडी पहारींनी खालून उचकटतात. तो सुटतो तेव्हा येणारा आवाज छातीत जाणवतो.

आता तुमची पाळी. दगड लाकडी घसरगाडीवर चढवलाय. घसरगाडी म्हणजे दोन जाड धावा आणि मध्ये आडवी लाकडं. दगड सरासरी अडीच टनांचा. दोराला वीसेक माणसं. गवताचा पीळ दिलेला हा दोर तळहाताला किसणीसारखा लागतो. पहिल्या दिवशी हाताला फोड, दुसऱ्या दिवशी फोड फुटलेले. मुकादम ओरडतो, सगळे मागे झुकतात, आणि काहीच होत नाही. घसरगाडी वाळूत नाक खुपसून बसलीय. तुम्ही ओढता तितकी वाळू तिच्या पुढ्यात ढिगारा होऊन साचते. कंबरेतून कळ निघते.

मग पाणीवाला येतो. तो घसरगाडीच्या पुढ्यात मातीच्या घागरीतून बेतानं पाणी ओततो. नेमकी ओल, चिखल नाही. पुन्हा आरोळी, पुन्हा सगळे झुकतात, आणि या वेळी गाडी सरकते. तुमच्या खांद्यावरचा ताण असा उतरतो की तुम्ही तोल जाऊन मागच्याच्या अंगावर आदळता. तो हसतो. नव्या माणसाचं असंच होतं.

ही ओल नुसती कल्पना नाही. खुफूनंतर काही शतकांनी जेहुतिहोतेप नावाच्या एका सरदाराच्या थडग्यात भिंतीवर चित्र काढलं गेलं: भल्यामोठ्या पुतळ्याला दोरानं ओढणारी १७२ माणसं, आणि पुतळ्याच्या पायांशी उभा राहून पुढ्यात पाणी ओतणारा एकजण. कित्येक वर्षं अभ्यासक म्हणत राहिले की हा काही धार्मिक विधी असावा. २०१४ मध्ये ॲम्स्टरडॅम विद्यापीठातल्या भौतिकशास्त्रज्ञांनी वाळूत घसरगाडी ओढून मोजमाप केलं, तर योग्य ओलीनं ओढण्याचा जोर जवळपास निम्म्यावर आला. पाणी जास्त झालं तर मात्र पुन्हा जड जातं. हे मला फार आवडतं. हा हिशेब कुठल्या पोथीतून आला नसणार. घागर किती वाकवायची हे त्या पाणीवाल्याच्या मनगटाला ठाऊक होतं.

घसरगाडी खाणीतून बाहेर आली की समोर उतार लागतो. खरा वाद इथं सुरू होतो. उतार नेमका कसा होता?

सगळ्यात साधा म्हणजे सरळ उतार. खाणीपासून थेट भिंतीपर्यंत चिपा, चिकणमाती आणि जिप्समची दाबून केलेली चढण. पायाखाली ती टणक लागते. असल्याच भरावाचे ढीग पुढे गिझाच्या खाणीत सापडले. खालच्या थरांसाठी ही चढण चोख आहे, चढताना तुम्ही धापा टाकता पण थांबत नाही. अडचण वरची आहे. पिरॅमिड १४६ मीटर उंच व्हायचाय. तिथपर्यंत ओढता येण्याजोगी सौम्य चढण हवी तर ती दीड-दोन किलोमीटर लांब लागेल, आणि तिला लागणारा भराव पाहता पिरॅमिडशेजारी दुसरा डोंगर उभा राहील.

मग कुणी सुचवलं की चढण पिरॅमिडला वेढे घेत वर गेली असेल. चला, तीही चढून बघू. वाट अरुंद, एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला दरी. सरळ वाटेवर ठीक आहे, पण कोपरा आला. दोर सरळ ओढतो आणि दगडाला वळायचंय. पुढची दहा माणसं कोपऱ्यापलीकडे गेली की त्यांचा जोर भिंतीवरच वाया जातो. शिवाय चारही कडा भरावाखाली झाकल्या, तर वर चारी बाजू एका टोकाला नीट मिळताहेत की नाही हे कारागिरानं बघायचं कुठून? या पिरॅमिडच्या पायाची प्रत्येक बाजू सुमारे २३० मीटर, आणि बाजूंची दिशा खऱ्या उत्तरेपासून अंशाच्या अगदी लहान भागानं चुकते. असं काम करणारा माणूस कडा झाकू देणार नाही.

ज्याँ-पियेर उदाँ या फ्रेंच वास्तुविशारदानं चढण पिरॅमिडच्या आतच नेली: भिंतीच्या आतून गोल फिरत जाणारा बोगदा, कोपऱ्यांवर मोकळी जागा, तिथं दगड वळवायचा. कल्पना देखणी आहे. २०१७ मध्ये वैश्विक किरणांच्या मदतीनं आत डोकावलं तेव्हा किमान ३० मीटर लांबीची एक पोकळी सापडलीही, पण ती आतल्या मोठ्या दालनाच्या वर आहे, उदाँच्या बोगद्याचा पुरावा ती नव्हे.

ग्रीक इतिहासकार हिरोडोटस मात्र उताराचं नावही घेत नाही. आखूड लाकडांच्या यंत्रांनी दगड एकेका पायरीवरून वरच्या पायरीवर उचलला, असं त्यानं लिहिलंय. तो इथं आला तोपर्यंत दोन हजार वर्षं होऊन गेली होती. तरी त्याची गोष्ट पार टाकून देऊ नका. शेवटच्या काही थरांवर, जिथं वीस माणसांना उभं राहायलाच जागा नाही, तिथं पहारी आणि लाकडी टेकू याखेरीज दुसरं काय वापरणार?

माझा कल कुठे आहे ते सांगतो. नाईलच्या पूर्वेला हतनूब नावाची अलाबास्टरची खाण आहे. २०१८ मध्ये तिथं खुफूच्याच काळातली एक चढण उजेडात आली. उभी चढण, दोन्ही अंगांना पायऱ्या आणि जागोजागी जाड खांबांसाठी खड्डे. खांबाला दोराचा वेढा दिला की काही माणसं पायऱ्यांवरून खाली उतरत ओढू शकतात आणि दगड वर येतो. उतरताना शरीराचं वजनच कामाला येतं. हे करून बघा. चढताना मोडणारी कंबर इथं मोडत नाही. आणि चढण उभी ठेवता आली की ती आखूड होते, भराव वाचतो.

आता जरा मागे वळून खाली बघा. पिरॅमिड एक तृतीयांश उंच झालाय म्हटलं ना? पण तो खाली रुंद आणि वर निमुळता, त्यामुळे एवढ्या उंचीतच एकूण दगडांपैकी सुमारे ७० टक्के दगड बसलेसुद्धा. वरच्या टोकाकडे बघून आपण बुचकळ्यात पडतो, आणि डोंगराएवढं काम तर बुटक्या, रुंद उतारांवरच होऊन गेलेलं असतं. एकच युक्ती शोधणाऱ्यांशी माझं इथंच पटत नाही. खाली एक रीत, मध्ये दुसरी, टोकाला तिसरी. कुठलाही जाणता गवंडी हेच करेल.

मला खरा अचंबा वाटतो तो वेगाचा. या पिरॅमिडात अंदाजे २३ लाख दगड आहेत. हिरोडोटसनं सांगितलेली वीस वर्षं आणि रोजचे दहा तास धरले, तर दर दोन मिनिटांना एक दगड जागेवर बसायला हवा. तुम्ही हे वाक्य वाचेपर्यंत मागची घसरगाडी तुमच्या टाचेला टेकलीय. सरका.

काही वर्षं पुढे जाऊ. नदीपलीकडच्या तुरा गावची खाण. इथला दगड गिझाच्या दगडाहून पांढरा आणि गुळगुळीत, पिरॅमिडच्या बाहेरच्या अंगासाठी. मेरेर नावाच्या अधिकाऱ्याच्या हाताखाली चाळीसेक माणसं आहेत, त्यांच्यात तुम्हीही. दगड नावेत चढवताना नाव एका अंगाला झुकते, पाणी काठाशी चाटतं आणि सगळ्यांचे श्वास अडकतात. भरली नाव प्रवाहाबरोबर उत्तरेला जाते, रिकामी उत्तरेच्या वाऱ्यावर शीड उभारून परत येते. पूर आला की पाणी पठाराच्या पायथ्यापर्यंत पोचतं आणि दगड थेट पिरॅमिडजवळच्या तळ्यात उतरतो. त्या तळ्याच्या तोंडाशी राजाचा सावत्र भाऊ अंखहाफ याची देखरेख. दहा दिवसांत दोन-तीन खेपा होतात. मेरेर संध्याकाळी पपायरसवर काळ्या आणि लाल शाईनं टिपण करतो: आज कुठे होतो, काय भरलं, रात्र कुठे काढली. ही रोजनिशी २०१३ मध्ये तांबड्या समुद्राकाठी वादी अल-जर्फला पुरातत्त्वज्ञ पिएर ताले यांच्या पथकाला सापडली. ती वाचायला बसलात तर चमत्कार एकही भेटणार नाही. खेपा भेटतील. पिरॅमिड बांधणाऱ्या माणसानं स्वतःच्या काळात लिहिलेली रोजनिशी आपल्या हाती आलीय आणि ती दगडवाहतुकीचं टाचण आहे, याचं मला अपार कौतुक वाटतं.

भूक लागली असेल. त्यासाठी आणखी एक पिढी पुढे, खुफूच्या मुलाच्या काळात चला, कारण कामगारांच्या खाण्यापिण्याचा उत्तम पुरावा तिथला आहे. कावळ्याची भिंत म्हणून आज ओळखल्या जाणाऱ्या प्रचंड दगडी भिंतीपलीकडे पुरातत्त्वज्ञ मार्क लेहनर यांनी अख्खी वस्ती उकरून काढली. आत शिरताच धुरानं डोळे झोंबतात. घंटेच्या आकाराची मातीची जड भांडी निखाऱ्यांत पुरलीत, त्यांत पाव भाजतोय. राख घोट्यापर्यंत. गहू कोणता म्हणाल तर खपली. आपल्याकडे साताऱ्या-सांगलीत खिरीला लागतो तोच. सातूची बीअर दाट, आंबूस, तळाशी चोथा असलेली. आपल्या आंबिलीसारखी ती पोटाला आधार देते. गायी, मेंढ्या, शेळ्यांची हाडं इथं ढिगानं सापडली, म्हणजे ओढणाऱ्यांना मटण मिळत होतं. नंतर लांबट दालनात दाटीवाटीनं आडवं व्हायचं. पाय पसरलात तर समोरच्याच्या डोक्याला लागतात.

इथं कुणी चाबूक घेऊन उभा नाही, पण सगळे हौसेनं आलेत असंही समजू नका. गावागावांतून माणसं पाळीपाळीनं बोलावली जातात आणि नाही म्हणायची सोय नसते. गिझालाच कामगारांच्या कबरी आहेत. १९९० मध्ये एका घोड्याचा पाय तिथल्या कच्च्या विटांच्या भिंतीला अडखळला आणि त्यांचा पत्ता लागला. पुरातत्त्वज्ञ झाही हवास यांच्या पथकानं तपासलेल्या सांगाड्यांत कंबरेचे मणके झिजलेले आहेत. मोडून नीट सांधलेले हात आहेत, म्हणजे कुणीतरी काठ्या बांधून हाड बसवलं होतं. हात किंवा पाय कापल्यावरही पुढे काही वर्षं जगलेली माणसं आहेत. तुमच्या शेजारी झोपलेल्या गड्याची करंगळी वाकडी आहे. ती कशी झाली, ते तो फार रंगवून सांगतो.

पुन्हा मागे फिरा, खुफूच्या पिरॅमिडवर. राजाच्या दालनावर आता ग्रॅनाइटच्या तुळया बसवायच्यात. त्या आठशेहून जास्त किलोमीटरवरच्या अस्वानहून नदीतून आल्या. सगळ्यात जड तुळया पन्नास टनांच्याही वर. आज दोराला वीस माणसं नाहीत, शंभराहून जास्त आहेत. मुकादमाची आरोळी मागच्या रांगेपर्यंत पोचायलाच वेळ लागतो. तुमच्या टोळीचं नाव ‘खुफूचे मित्र’. रंगारी गेरूचं मडकं घेऊन दगडांवर नाव लिहीत फिरतोय. दगड जागेवर बसण्याआधीच तो लिहितो, म्हणून काही नावं नंतर उलटी दिसणार. तुमच्या टोळीतला एकजण त्याचा हात धरतो आणि बजावतो की आमचं सरळ यायला हवं. रंगारी विचारतो की दगडाची कुठली बाजू वर येणार ते तू सांगतोस का. शेजारची टोळी खो खो हसते. मुकादम दोघांनाही शिव्या देत येतो, पाणीवाला घागर वाकवतो आणि शंभर-दीडशे माणसं एकदम मागे झुकतात.