डोळ्यावरची लेन्स आणि नळाचे पाणी

पुण्यातल्या एका शाळेत आम्ही भिंगांविषयी बोलायला गेलो होतो. तास संपल्यावर दहावीतल्या एका मुलीने विचारले, "ताईला डॉक्टरांनी सांगितलंय, कॉन्टॅक्ट लेन्सला नळाचं पाणी लावायचं नाही. जे पाणी आपण पितो ते लेन्सला का चालत नाही?" प्रश्न साधा होता, पण उत्तर दोन वाक्यांत देता येईना. त्यासाठी शंभराहून अधिक वर्षे मागे जावे लागले.

१८८८ साली झुरिचमधील डॉक्टर आडोल्फ फिक यांनी काचेच्या पातळ वाट्यांचा प्रयोग प्रसिद्ध केला. ही वाटी बुबुळ झाकून डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकत असे. आतल्या पोकळीत द्राक्षशर्करेचे द्रावण भरलेले असे. फिक यांनी आधी सशांवर आणि मग स्वतःवर प्रयोग केले. काही तासांत डोळ्याचा पारदर्शक पडदा, म्हणजे पारपटल किंवा कॉर्निया, धूसर होई. पुढच्याच वर्षी जर्मनीतील कील विद्यापीठात आउगुस्ट म्युलर या विद्यार्थ्याने याच विषयावर प्रबंध लिहिला. त्याचा स्वतःचा नंबर उणे १४ होता. कोकेनचे थेंब टाकून डोळा बधिर केला, तरी अर्ध्या तासापलीकडे त्याला लेन्स सोसेना.

अडचणी दोन होत्या. पहिली मापाची. १९३०च्या सुमारास बुडापेस्टमध्ये योझेफ डालोस यांनी जिवंत डोळ्याचे साचे घेऊन त्याबरहुकूम लेन्स बनवायला सुरुवात केली. आज हे काम केराटोमीटर करतो. पारपटलाची वक्रता-त्रिज्या सरासरी ७.८ मिलिमीटर असते, पण ती माणसागणिक बदलते. लेन्स घट्ट बसली तर तिच्याखाली अश्रूंची ये-जा थांबते. सैल बसली तर ती सरकत राहते. म्हणून नंबर एकच असला, तरी एकीची लेन्स दुसरीला चालत नाही.

शिवाय चष्म्याचा नंबर तसाच्या तसा लेन्सला लागू होत नाही. हे गणित वर्गात करून पाहण्यासारखे आहे. उणे ६ नंबरच्या भिंगाचे नाभीय अंतर १०० भागिले ६, म्हणजे १६.७ सेंटिमीटर. चष्मा डोळ्यापासून साधारण १.२ सेंटिमीटर पुढे असतो. डोळ्यावरच बसणाऱ्या लेन्ससाठी ते अंतर १७.९ होते. १०० भागिले १७.९, म्हणजे सुमारे ५.६. नंबर जितका मोठा, तितका हा फरक वाढतो.

दुसरी अडचण श्वासाची. पारपटलात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून तर ते पारदर्शक असते. मग त्याला ऑक्सिजन मिळतो कोठून? मुख्यतः हवेतून, अश्रूंत विरघळून. १९५२ साली न्यूयॉर्कमधील स्मेल्सर आणि ओझॅनिक्स यांनी डोळ्यांवर बंदिस्त गॉगल लावून त्यात नायट्रोजन भरला, तेव्हा पारपटल सुजले. फिक यांना दिसलेल्या धूसरपणाचा उलगडा यातून झाला. त्याआधी १९४८ साली अमेरिकेत केव्हिन टूही यांनी फक्त पारपटलावर बसणारी छोटी प्लॅस्टिकची लेन्स आणली होती. पापणी लवली की तिच्याखालचे अश्रू बदलत, आणि त्यांबरोबर ऑक्सिजन येई.

मऊ लेन्सचे श्रेय प्रागच्या ओटो विख्टरले यांना जाते. १९६१च्या नाताळात त्यांनी घरीच, मेकॅनोसारख्या खेळण्याचे भाग आणि सायकलचा डायनॅमो जोडून लेन्स बनवण्याचे यंत्र उभे केले. त्यांचे बहुवारिक पाणी शोषून मऊ होई. त्यात सुमारे ३८ टक्के पाणी असे आणि त्या पाण्यातून ऑक्सिजन आत जाई. पाणी शोषणारी बहुवारिके पुणेकरांना परकी नाहीत. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने १९८०च्या दशकात शेतीसाठी 'जलशक्ती' विकसित केले, ते याच जातकुळीतले.

पण जी लेन्स पाणी सामावून घेते, तिच्यावर पाण्यातले जीवही चिकटतात. अकांथअमीबा हा माती-पाण्यात सर्वत्र आढळणारा सूक्ष्मजीव. परिस्थिती प्रतिकूल झाली की तो स्वतःभोवती दुहेरी कवच करतो. नळाच्या पाण्यातले क्लोरीन जिवाणूंना मारते, पण या कवचापुढे ते अपुरे पडते. पाण्याबरोबर पोटात गेला तर हा अमीबा सहसा काही करत नाही. लेन्सवर बसून पारपटलाच्या बारीक ओरखड्यात शिरला, तर मात्र उपचार महिनोन्‌महिने चालतात आणि दृष्टीही जाऊ शकते. १९८५-८६ मध्ये अमेरिकेत असे रुग्ण एकाएकी वाढले. त्यांतले बरेच जण मिठाच्या गोळ्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवून घरीच द्रावण करत होते. डिस्टिल्ड म्हणजे निर्जंतुक नव्हे, हा धडा असा महागात मिळाला. आपल्याकडे हा आजार लेन्स न वापरणाऱ्यांनाही होतो. डोळ्यात माती किंवा गढूळ पाणी जाणे त्याला पुरते.

आता डॉक्टरांचे नियम पाहा. साबणाने हात धुऊन कोरडे करायचे, मगच लेन्स हाताळायची. ती रोज ताज्या द्रावणात चोळून धुवायची. कालच्या द्रावणात भर घालायची नाही. डबीही द्रावणानेच धुऊन कोरडी करायची आणि दर तीन महिन्यांनी बदलायची. अंघोळीला किंवा पोहायला जाताना लेन्स काढायची. झोपतानाही काढायची, कारण मिटल्या पापणीआड ऑक्सिजन आधीच कमी असतो. डोळा लाल झाला, दुखला किंवा उजेड सोसेना, तर लेन्स काढून त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जायचे. औषधाच्या दुकानातून मनाने थेंब आणायचे नाहीत. त्यांत स्टेरॉइड असेल, तर लाली ओसरते आणि आतला संसर्ग वाढत राहतो.

त्या मुलीला आम्ही ही सगळी हकिगत सांगितली. ती म्हणाली, "म्हणजे ताईची डबी आजच बघायला हवी. ती रोज नळाखालीच धुते."