खडकातील सूक्ष्मजीव आणि एक लाख वर्षांची तिजोरी

आजचा धागा स्वीडनच्या भूगर्भातला.

सन १९८३. अणुभट्ट्यांतील वापरलेले इंधन कायमचे कोठे ठेवावे, या प्रश्नावर तेथे ‘केबीएस-३’ नावाचा आराखडा पुढे आला. इंधन तांब्याच्या पिंपांत बंद करावयाचे, पिंपाभोवती बेंटोनाइट या फुगणाऱ्या चिकणमातीचे जाड वेष्टन द्यावयाचे आणि सारे सुमारे ५०० मीटर खोल खडकात पुरावयाचे. मुदत? एक लाख वर्षे! खोल भूजलात ऑक्सिजन नसतो आणि त्यावाचून तांबे सहसा गंजत नाही, हा त्यामागील हिशेब. इतक्या खोल खडकात जीवसृष्टी कितपत असेल, याची मात्र त्या काळी फारशी कल्पना नव्हती.

१९८७ पासून सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ कार्स्टेन पेडरसन यांनी खोल विंधनछिद्रांतील पाणी तपासावयास घेतले. ते पाणी जिवाणूंनी नांदते निघाले. पुढे ऑस्कर्सहामजवळ एस्पो येथे ४६० मीटर खोल भूमिगत प्रयोगशाळा खोदली गेली. तेथील भूजलातून मिळालेल्या एका जिवाणूला १९९८ मध्ये त्या स्थळाचेच नाव मिळाले : डेसल्फोव्हिब्रिओ एस्पोएन्सिस.

हा जिवाणू ऑक्सिजनऐवजी सल्फेटवर श्वसन करतो आणि सल्फाइड बाहेर टाकतो. सल्फाइड तांब्याला खाते. म्हणजे ज्या शत्रूला टाळण्यासाठी एवढे खोल जावयाचे, त्याच्या जागी दुसरा तेथे आधीच वस्तीला होता. पण चित्र एकरंगी नाही. बोगदे बुजवताना आत अडकणारा ऑक्सिजन अन्य सूक्ष्मजीव झपाट्याने संपवतात. त्या अर्थी तेच तांब्याचे राखणदारही.

मग सारी भिस्त मातीवर आली. बेंटोनाइट पुरेसे घट्ट दाबले, तर त्यातील सूक्ष्म छिद्रांत जिवाणूंना ना जागा मिळते, ना पुरेसे पाणी. त्यांची हालचाल थंडावते. माती झिजून वाहून गेली, तर मात्र सल्फाइडला वाट मोकळी. माझ्या मते या संपूर्ण योजनेचा खरा नायक तांबे नव्हे, ही चिकणमातीच आहे.

हा वाद प्रयोगशाळेपुरता उरला नाही. जानेवारी २०१८ मध्ये स्वीडनच्या जमीन व पर्यावरण न्यायालयाने तांब्याच्या क्षरणाविषयी शंका उपस्थित केल्या. सल्फाइडमुळे पडणारे खड्डे हा त्यांतील एक मुद्दा होता. अधिक पुराव्यांविना परवानगी देऊ नये, असे मत न्यायालयाने सरकारला कळवले. चार वर्षांनी, जानेवारी २०२२ मध्ये, सरकारने मंजुरी दिली. जानेवारी २०२५ मध्ये फोर्समार्क येथे काम सुरू झाले. तेथे सुमारे ६,००० पिंपे पुरली जाणार आहेत. प्रत्येकाचे तांबे ५ सेंटिमीटर जाड.