लग्नाची तसबीर आणि जयपूरचा तट

लग्न ठरले म्हणजे मुहूर्त, कार्यालय आणि आचारी ह्यांच्या जोडीला अलीकडे आणखी एक प्रश्न घरात उभा राहतो. वधूवरांची छायाचित्रे कोठे काढावयाची? ऐपतदार मंडळी त्याकरिता दूरदूर जातात, आणि अशा ठिकाणांत जयपूरच्या तटाआतील जुन्या शहराचे नाव बरेच वर लागते. स्थळ निवडताना बहुधा एकच कसोटी लावली जाते : छायाचित्र उठावदार येईल की नाही. ही कसोटी चुकीची नव्हे, पण अपुरी आहे. लग्नाची तसबीर पन्नास वर्षे भिंतीवर राहावयाची असते. तिच्यात आपल्या पाठीशी कोणती वास्तू उभी आहे, ती कोणी व कशासाठी उभारली, हे जाणून न घेता ती काढणे म्हणजे अनोळखी माणसाला घरच्या तसबिरीत मधोमध बसविण्यासारखे आहे.

प्रथम शहराची ओळख करून घेऊ. सवाई जयसिंह द्वितीय ह्यांनी १७२७ साली आमेरची डोंगरातील राजधानी सोडून खालच्या मैदानात हे नगर वसविले. आखणीत विद्याधर भट्टाचार्य ह्या बंगाली पंडितांचा मोठा वाटा होता. पूर्वेचा सूरजपोल आणि पश्चिमेचा चांदपोल ह्यांना जोडणारा सरळ राजमार्ग, त्याला काटकोनात छेदणारे रस्ते, आणि छेद होतो तेथे ‘चौपड’ नावाचे प्रशस्त चौक, अशी ही रचना आहे. छायाचित्रकाराला ह्यातून आयताच लाभ होतो. राजमार्ग पूर्वपश्चिम असल्यामुळे सकाळचा व सायंकाळचा कोवळा प्रकाश रस्त्याच्या लांबीने आत येतो. हवामहालाचे रस्त्यावरील अंग पूर्वाभिमुख आहे. ते सकाळी उजळते आणि दुपारनंतर सावलीत जाते. हे ठाऊक नसले म्हणजे मंडळी सायंकाळी नटूनथटून तेथे पोहोचतात आणि त्यांचा विरस होतो.

ह्या शहराचे आणि छायाचित्राचे नाते मात्र आजकालचे नव्हे. १८३५ ते १८८० पर्यंत गादीवर असलेले सवाई रामसिंह द्वितीय हे स्वतः छायाचित्रकार होते. त्या काळी काचेवर रासायनिक लेप चढवून तो ओला आहे तोवरच चित्र घ्यावे लागे व धुवावेही लागे. बसणाराला कित्येक सेकंद निश्चल राहावे लागे. अशा खटाटोपाने महाराजांनी घेतलेल्या काचा जयपूरच्या राजवाड्याच्या संग्रहात जतन झाल्या आहेत. त्यांत विशेष लक्ष वेधून घेतात ती जनानखान्यातील स्त्रियांची चित्रे. ज्यांचे मुख परपुरुषाने पाहावयाचे नाही अशा त्या स्त्रिया कॅमेऱ्यासमोर बसल्या आहेत आणि त्यांच्या मागे एक रंगविलेला पडदा आहे. बाहेर अख्खे देखणे नगर असताना पडदा कशाला? ओल्या काचेला अंधारी खोली जवळ लागे, हे एक कारण. त्या स्त्रियांना भर रस्त्यात आणून उभे करणे त्या समाजात शक्यच नव्हते, हे दुसरे आणि मोठे कारण होय.

आता हवामहालाकडे पुन्हा पाहा. सवाई प्रतापसिंह ह्यांनी तो १७९९ साली बांधविला. रचनाकार लालचंद उस्ताद. पाच मजले आणि ९५३ झरोके. राजस्त्रियांना बाजार व मिरवणुका दिसाव्यात, पण त्या कोणाच्या दृष्टीस पडू नयेत, एवढ्यासाठी ही सारी जाळी. रस्त्यावरून आपल्याला दिसते ती खरे म्हणजे महालाची पाठ होय. आत जाण्याची वाट राजवाड्याच्या अंगाने आहे. तेव्हा आज जी नववधू त्या झरोक्यांसमोर मोकळ्या मुखाने उभी राहते, ती त्या वास्तूचा हेतूच उलटा करीत असते. ह्यात अनुचित काही नाही. उलट माझ्या मते तटाआत लग्नाच्या तसबिरीला ह्याहून अर्थपूर्ण जागा नाही. मात्र हा अर्थ तिला ठाऊक असावा. तो ठाऊक असला तर ती एकदा तरी मान वळवून त्या झरोक्यांकडे पाहील, आणि कदाचित तेच चित्र सर्वांत चांगले येईल.

राजवाड्यातील प्रीतम निवास चौकात चार ऋतूंची चार रंगीत द्वारे आहेत. मोराचे द्वार शरदाचे, कमळाचे ग्रीष्माचे, गुलाबाचे हिवाळ्याचे आणि लहरियाचे वसंताचे. बहुतेक सगळे मोराच्या द्वाराशी गर्दी करतात. आपले लग्न ज्या ऋतूत झाले ते द्वार निवडावे, असे मी सुचवीन. जवळच जयसिंहांची वेधशाळा, जंतरमंतर, आहे. तेथील सम्राट यंत्र सुमारे २७ मीटर उंच असून त्याची सावली पाहून काळ मोजता येतो. त्याच्या पायऱ्या बसून चित्र काढण्यासाठी नाहीत. तो यंत्राचाच भाग आहे, हे मुलांना आवर्जून सांगावे.

राजवाड्याबाहेर, त्रिपोलिया बाजाराच्या लगत, ईसरलाट नावाचा सात मजली मनोरा दिसतो, आणि येथे मराठी माणसाने क्षणभर थांबावे. जयसिंहांच्या मागे ईश्वरीसिंह व माधोसिंह ह्या भावांत गादीसाठी तंटा जुंपला. १७४७ साली राजमहल येथील लढाईत माधोसिंहाच्या पक्षाचा मोड झाला. त्या पक्षात होळकरांची फौजही होती. त्या विजयाप्रीत्यर्थ ईश्वरीसिंहांनी १७४९ साली हा मनोरा उभारला. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १७५० मध्ये, थकलेल्या खंडणीसाठी मल्हारराव होळकर शहराजवळ येऊन ठेपले, तेव्हा ईश्वरीसिंहांनी आत्महत्या केली. माधोसिंहाला गादी मिळाली. जानेवारी १७५१ मध्ये छावणीतील मराठे हे नवे नगर व त्यातील देवळे पाहावयास तटाच्या आत गेले. तेव्हा दरवाजे बंद झाले आणि शहरवासी त्यांच्यावर तुटून पडले. हजारो मारले गेले. खंडणीच्या तगाद्याने ते शहर केवढे पोळले होते, हे त्या एका दिवसाने सांगितले. आपल्या शाळेच्या पुस्तकांत हे प्रकरण क्वचितच आढळते. ईसरलाटेवर अवश्य चढावे, वरून सारे शहर न्याहाळावे, ही हकिकत मुलांना सांगावी; पण लग्नाच्या तसबिरीसाठी दुसरी जागा पाहावी.

गुलाबी रंगाविषयीही एक गैरसमज दूर व्हावा. हा रंग नगराच्या जन्मापासूनचा नव्हे. १८७६ साली इंग्लंडचे युवराज येणार म्हणून रामसिंहांच्या अमलात शहराला तो चढविला गेला. एका परीने पाहता पाहुण्यासाठी सबंध शहराचाच रंगीत पडदा झाला! तसेच, नवपरिणितांच्या छायाचित्रांत हमखास दिसणारे पत्रिका गेट हे तटाच्या आत नाही आणि जुनेही नाही. ते दक्षिणेस जवाहर सर्कलजवळ असून त्याचे उद्घाटन २०२० साली झाले. तेथे चित्र काढू नये असे नाही; मात्र नातवंडांना ‘आम्ही जुन्या वेशीत उभे होतो’ असे सांगू नये.

शेवटी व्यवहाराच्या दोन गोष्टी. हे जुने शहर २०१९ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे, पण ते संग्रहालय नव्हे. तेथे माणसे राहतात, दुकाने मांडतात, देवळात जातात. म्हणून दुकाने उघडण्यापूर्वी, सकाळच्या प्रहरी, आपले काम उरकावे. म्हणजे प्रकाशही चांगला मिळेल आणि कोणाची वाटही अडणार नाही. राजवाडा व स्मारके येथे रीतसर परवानगी घ्यावी, शुल्क भरावे. आणि एका दिवसात दहा ठिकाणे गाठण्याच्या नादी न लागता दोनच निवडावीत. दोन ठिकाणांची माहिती आदल्या रात्री घरच्या मंडळींना एकत्र बसून वाचता येते. दहांची कोणी वाचत नाही.